गाडी हलकी लागते

उसाच्या ट्रॅक्टरने मागे टाकलं म्हणून मनाला लावून घ्यावं, इतका बिभीषण कोवळा माणूस नव्हता. सोलापूरच्या चादरी-टॉवेलच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि त्याला मागे टाकून पुढे गेलेल्यांची काही कमी नव्हती. (त्यातल्या दोन सुपरवायझरना तर टॉवेलची घडी त्यानेच शिकवली होती.) त्यामुळे त्या गुरुवारी अक्कलकोट रस्त्यावर दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर ठणाणा गाणी लावून त्याच्या मोटरसायकलला ओलांडून गेला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "जाऊ दे. त्याला घाई असंल."

घाव बसला तो घरी आल्यावर. मायाक्का गाडीवरून उतरली, कमरेवर हात ठेवून जरा वेळ दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारी मी एस्टीनं जाते म्हंते. बायकांना अर्धं तिकीट हाय की."

बिभीषणच्या हातातून गाडीची किल्ली गळून पडली.

कारखान्याला सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारी दोघांनी स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला जायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. गाडीही लग्नातलीच. तिचा मूळ रंग काळा होता की निळा, यावर आता नवरा-बायकोचंही एकमत होत नसे. पण नेम मोडला नव्हता, आणि बसायची पद्धतही बदलली नव्हती. मायाक्का आधी सीटवर चादरीची घडी अंथरी, मग नवऱ्याच्या खांद्यावर हात टेकवून वर चढे, नीट बसली की "व्हय" म्हणे. 'व्हय' ऐकू आलं की बिभीषण गिअर टाकी.

ती चादर कारखान्याकडून दिवाळीला मिळालेली. लग्नानंतर काही वर्षं ती दुहेरी घडीची असे, पुढे चौपदरी झाली, आता तर आठ पदर घालून चांगली उशीएवढी व्हायची. आपल्या कारखान्याच्या मालाची बायकोला एवढी कदर आहे, याचा बिभीषणला फार अभिमान वाटे. घड्या का वाढत चालल्या आहेत, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. (पडला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.)

त्याने आपल्या डोक्याने हिशेब मांडला. ट्रॅक्टर पुढे गेला, बायकोची मान खाली गेली, म्हणून ती एस्टीने जाणार. म्हणजे दोष इंजिनाचा. इंजिनाची ताकद वाढली की बायको मागे बसणार. असा सरळ, स्वच्छ आणि साफ चुकीचा विचार करून तो गौसच्या गॅरेजवर गेला.

गौस म्हणजे जुन्या गाड्यांचा आशिक. नवी गाडी आली की तो तोंड वाकडं करी, आणि जुनी आली की हात पुसून पुढे येई.

"पावर होना बोलते?" गौसचे डोळे चमकले. "देखो मामा, तीन रस्ते हैं. बोअर करके नवा पिस्टन टाकायचा, तर इंजिनात जान येते. पुढचं चेन-स्पॉकेट एका दातानं लहान घ्यायचं, तर पिकअप मारते, एकदम उचलते. और तिसरा, सायलेन्सर बदलना."

"त्यानं काय हुतं?"

"आवाज."

"आणि ताकद?"

"ताकद कुछ नै. लेकिन बघणाऱ्याला वाटते."

आता शहाण्या माणसाने यातलं एक निवडावं. बिभीषणने कारखान्यात सल्ला विचारला. (ही त्याची दुसरी चूक.) ज्याच्याकडे सायकलही नव्हती त्यानेसुद्धा कार्बोरेटरवर भाषण दिलं. शिवयोगी नावाचा हिशेबनीस म्हणाला, "बिभीषण, आवाज नसेल तर ताकद कळणार कुणाला? मला तीस वर्षांत कुणी ओळखलं का?" हे मात्र बिभीषणच्या काळजाला भिडलं. त्याने तिन्ही कामं करायला सांगितली.

बुधवारी गाडी तयार झाली. गौसने किक मारली, तसा समोरच्या पत्र्यावरचा कावळा उडाला, शेजारच्या चहाच्या टपरीवरचे ग्लास थरथरले आणि बिभीषणच्या डोळ्यांत पाणी आलं. (निम्मं आनंदाचं, निम्मं धुराचं.)

"मामा, एक ध्यान में रखना," गौस त्याच्या कानात ओरडला, "क्लच हळू सोडना! उडी मारती!"

"काय?"

"उडी!"

"गोडी हाय, गोडी हाय!" बिभीषण मान डोलावत निघून गेला.

गुरुवारी सकाळी त्याने गाडी दारात लावली. मायाक्का एस्टीने जायची तयारी करून बसली होती. त्याने तिला बाहेर बोलावलं आणि नुसतं गाडीकडे बोट केलं.

"ह्ये काय केलंय?"

"तू बस की. एकदा बसून बघ. न्हाय पटलं तर पुढच्या गुरुवारी जा तुझ्या एस्टीनं."

नवऱ्याचं तोंड इतकं उजळलेलं तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला नाही म्हणवेना. नारळाची पिशवी तिने हँडलला अडकवली. बिभीषणने किक मारली. गल्लीत हाहाकार झाला. समोरच्या रंभाबाई हातातला झाडू घेऊनच धावत बाहेर आल्या. मायाक्काने सीटवर चादर ठेवली, हाताने दाबून बसवली. गाडी जरा दबली. मग तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात टेकवला. एरवी यापुढे 'व्हय' येतं. आज 'व्हय' काय, तोफेचा आवाजही ऐकू आला नसता. गाडी दबली, खांद्यावर हात पडला, म्हणजे बायको बसलीच, असं धरून बिभीषणने क्लच सोडला.

आणि गाडीने उडी मारली.

गल्ली गेली, चौक गेला, शहर मागे पडलं. गाडी वाऱ्यासारखी पळत होती. बिभीषणला आरशात बायकोचा चेहरा बघायचा मोह झाला, पण आरसे त्याने भांग पाडण्याच्या सोयीने वळवलेले होते, त्यामुळे त्याला त्यात फक्त स्वतःचा आनंद दिसला.

"बघितलीस का ताकद?" तो ओरडला. "मागं कोण बसलंय असं वाटतच न्हाय! गाडी लई हलकी लागती!"

मागून उत्तर आलं नाही. बायको थक्क झाली असणार, असं त्याला वाटलं. आणि का कोण जाणे, त्या आवाजाच्या आडोशाने त्याची जीभ सुटली. समोर बसून जे कधी बोलला नसता, ते तो रस्त्याकडे बघत ओरडून बोलू लागला.

"तुला सांगतो, एस्टीनं जाते म्हणलीस आन् हातातली किल्लीच पडली बघ! हप्ताभर मी त्या टॉवेलांत गाडलेला असतो. घरी आलो की तुझी मालिका, माझा मोबाइल. आपुन दोघं बोलतो कवा? ह्या रस्त्यावरच की! तू मागून सांगती, कुणाचं लगीन ठरलं, ज्वारी कशी आली, तुझा भाऊ माझ्यावर का रुसला. मला निम्मं ऐकू येत न्हाय. पर खांद्यावर तुझा हात असतो. त्या हातासाठी मी ही गाडी इकली न्हाय! समजलं का?"

इतकं बोलून त्यालाच लाज वाटली. कान गरम झाले.

कुंभारीच्या अलीकडे मेंढरं रस्ता ओलांडत होती. बिभीषणने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. मेंढरांचा मालक, बिरुदेव नावाचा फेटेवाला, काठी टेकून त्याच्याकडे बघत राहिला.

"पावनं, लांबनं बघतूय. एकटंच कुणासंगं भांडत आलासा?"

"भांडतोय कुटं? बायकोसंगं बोलतोय."

बिरुदेवाने गाडीच्या मागे बघितलं. मग बिभीषणकडे. मग अतिशय मायेने विचारलं, "कवा गेल्या?"

बिभीषणने मान वळवली. सीट रिकामी होती. कुठे पडली? कुठल्या खड्ड्यात? चौकात? तो गाडी माघारी वळवणार, इतक्यात खिशातला फोन वाजला. (तो कधीपासून वाजत होता, ते सायलेन्सरलाच ठाऊक.)

"कुटं हाय तुमी?" मायाक्का विचारत होती.

"कुं... कुंभारीत."

"आन् मी कुटं हाय?"

बिभीषणने पुन्हा एकदा रिकाम्या सीटकडे बघितलं.

"दारात हाय," ती म्हणाली. "पाय वर टाकायच्या आत गेलासा की. या माघारी. चहा ठिवलाय."

परत येताना गाडी किती पळाली, हे त्याने पाहिलं नाही. वाटेत तो फक्त एवढंच म्हणत होता, बरं झालं, दारातच राहिली, बरं झालं. चूक त्याची होती, आणि जीव तिचा होता, हे आता कुठे त्याच्या ध्यानात येत होतं.

मायाक्का पायरीवर चादरीची घडी टाकून बसली होती. शेजारी रंभाबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. मायाक्काचं माहेर मैंदर्गी. खरा राग आला की ती कानडीत बोले, कारण बिभीषणला कानडी निम्मीच कळे. त्याने कानडीची वाट बघितली. ती मराठीतच म्हणाली, "लागलंबिगलं काय न्हाय. चादरीसकट खाली बसले नुसती. तुमी घाबरू नका."

हे ऐकून त्याला रडूच आलं. रंभाबाई समंजसपणे झाडू घेऊन आत गेल्या.

"तुला वेग कमी पडतो म्हणून केलं गं सगळं," तो म्हणाला. "ट्रॅक्टर पुढं गेला तवा तुला वाईट वाटलं की न्हाय?"

"कुटला ट्रॅक्टर?"

"मग एस्टीनं कशाला?"

"आवो, एस्टीची सीट मऊ असती!" मायाक्काने कपाळाला हात लावला. "तुमच्या सीटमदला स्पंज कवाच मेलाय. नुसता पत्रा ऱ्हायलाय. चादरीच्या घड्या घालून घालून कंबर धरली माझी. वेगाचं काय करायचं हाय? स्वामी काय कुटं पळून चाललेत?"

बिभीषणने ती आठ पदरी चादर बघितली. मालाची कदर! त्याला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"आन् रस्त्यानं एवढं काय बोलत हुता? फोनवर मागनं कुणीतरी म्हणत हुतं, पावनं एकटंच बोलत आलं."

"कारखान्याचं काईतरी."

"खरं सांगा."

मग त्याने सांगितलं. इंजिन बंद असताना ते सांगणं फार अवघड होतं. खांद्यावरच्या हातापाशी येऊन तो थांबला. मायाक्काने चादरीचं टोक सारखं केलं. मग म्हणाली, "आदी सांगायचं की. गेले असते का मी एस्टीनं?"

सायलेन्सर काढताना गौस घरचं कुणी गेल्यासारखा हळवा झाला. पिस्टन आणि स्पॉकेट मात्र राहू दिलं. सीट गॅरेजशेजारच्या सीटवाल्या हुसेनसाबनी बनवली. नवा स्पंज, वर नवं रेक्झिन, इतकी गुबगुबीत की बिभीषणला बसल्यावर पाय टेकवायला जरा ताणून घ्यावं लागे.

पुढच्या गुरुवारी मायाक्का खांद्यावर हात टेकवून चढली, नीट बसली आणि म्हणाली, "व्हय." बिभीषणने तरीही दोनदा वळून खात्री केली.

शहर संपलं. गाडी अशी पळायला लागली होती की आज एखादा ट्रॅक्टर दिसावा अशी त्याची फार इच्छा होती. इतक्यात त्याच्या पाठीवर काहीतरी हलकेच टेकलं. मायाक्काचं डोकं. मऊ सीटवर तिला झोप लागली होती. इतकी वर्षं ती या गाडीवर कधी झोपली नव्हती. पत्र्यावर झोप कुणाला लागणार? एक हात त्याच्या खांद्यावर तसाच होता.

बिभीषणने गाडी हळू केली. आणखी हळू केली. श्वाससुद्धा तो बेताने घेऊ लागला. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून पुढे गेला. मागून निघालेली एस्टी पुढे गेली. वळसंगच्या पुढे दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवालाही घंटी वाजवून पुढे गेला, आणि जाताना त्याने 'पेट्रोल संपलं का?' अशी हाताने खूण केली. बिभीषणने मान हलवून 'न्हाय' सांगितलं. जमलं असतं तर अक्कलकोट आणखी थोडं लांब सरकवावं, असं त्याच्या मनात आलं.

मंदिराजवळ गाडी थांबली तशी मायाक्का दचकून जागी झाली. तिने इकडेतिकडे बघितलं, पदर सावरला, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आलो बी? डोळं मिटून उघडलं तंवर अक्कलकोट! लई पळाली की ओ गाडी. एवढी जोरात नका हाकत जाऊ, मला भ्या वाटतं!"

वाटेत त्यांना मागे टाकून गेलेली ती एस्टी समोरून प्रवासी भरून सोलापूरला परत चालली होती. तिच्याकडे बघून बिभीषण मान खाली घालून म्हणाला, "बरं. पुढच्या बारीला हळू आणतो."