फेटा बांधून बघायचा पिक्चर

आमचे शेजारी भाऊसाहेब जगदाळे टीव्हीवर लढाईचा पिक्चर असला की डोक्याला फेटा बांधून बसतात. खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर फेटा. नऊवारीएवढं ते कापड! एक टोक दाराच्या कडीला अडकवायचं आणि दुसरं डोक्याशी धरून पीळ घालत घालत दाराकडे यायचं. “लढाई उघड्या डोक्यानं बघायची नसते, वहिनी.” पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते ना. हे स्वतः इथल्याच पलासियाच्या बँकेत होते, पण चाल अजून स्वाराचीच.

परवा गॉल लोकांचा पिक्चर लागला. गॉल म्हणजे फ्रान्सचे जुने लोक, हे त्यांनीच सांगितलं. रोमवाले चालून येतात, गॉलांचा सरदार लढतो आणि हरतो. गोष्ट चांगली, पण बनवला होता अगदी रद्दी! सरदाराची चिकटवलेली दाढी वाऱ्यानं अर्धी सुटलेली. मेलेला शिपाई निवांत नाक खाजवतोय. घोडी तर वरातीतनंच आणलेली. भाऊसाहेब टीव्हीला ओरडत होते, “अरे भिया, लगाम तो ढीली छोड़! घोड्यावर बसलायस की खाटेवर?”

बघायला जमलेली मंडळी सेव-परमलचे बकाणे भरत हसली, मग एकेक करून सटकली. आमची सून म्हणाली, “काकाजी, हे तर हरणारच आहेत. बंद करा ना.”

“हरणाऱ्याला सोडून उठायचं नसतं, सूनबाई. आमचे पूर्वज महिदपूरला इंग्रजांपुढे हरले. पळाले नाहीत.”

ती पण गेली. मी बसून राहिले. शेवटी सरदारानं तलवार खाली टाकली, ती ताटलीसारखी वाजली. मला हसू फुटणार, तर बाजूला भाऊसाहेब ताठ उभे, मान खाली.

मला एकदम माई आठवल्या, त्यांची बायको. मागच्या वर्षी डॉक्टरांनी हात टेकले, नातेवाईक भेटून भेटून परतले. भाऊसाहेब काही शेवटपर्यंत त्यांच्या उशापासून हलले नाहीत. असा माणूस आपल्या स्नेहलतागंजात राहतो, याचा मला तर बाई गर्व आहे.

पिक्चर संपला. फेटा सोडून घडी घालायला त्यांनी टोक पुन्हा कडीला लावलं. ते टोक माई धरायच्या, हे माझ्या इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. मी उठले, कडीतलं टोक काढून हातात घेतलं.

त्यांनी दुसरं टोक घट्ट धरलं. मग म्हणाले, “ताणून धरा, वहिनी. ही कधी सैल सोडायची नाही.”