खाली मान घालून पाणी पिणारं घराणं

बाळांनो, एका जंगलात, म्हणजे तुमच्या ओळखीच्याच जंगलात, चितळांचं एक जुनं घराणं होतं. त्या घराण्यात केतकी नावाची हरिणी लग्न होऊन आली.

केतकीचं एक मत होतं. पाणी पिताना दर दोन घोटांनी मान वर करून बघावं. वाघ असतो.

सासरी तसं नव्हतं. कुलवृत्तांतात स्पष्ट लिहिलं होतं, की पाणी पिऊन होईपर्यंत मान वर करू नये. नदीचा अपमान होतो.

पहिल्याच सकाळी सासूबाईंना पाण्यातल्या प्रतिबिंबात सुनेची वर झालेली मान दिसली.

"केतकी, आमच्याकडे असं बघत नाहीत गं."

"आई, वाघ आला तर?"

"आमच्याकडे वाघ येत नाही. आजवर कुणी पाहिलेला नाही."

हे खरं होतं. दोन्ही थोरल्या जावा मात्र घरात नव्हत्या. कुलवृत्तांतात त्यांच्या नावापुढे 'न सांगता माहेरी गेली' अशी नोंद होती.

केतकीनं नवऱ्याला विचारलं, "अहो, तुमचं काय मत?"

"आईला विचारून सांगतो."

मत सोडलं तर जीव जाईल, धरून ठेवलं तर सासर जाईल. केतकी आठवडाभर मान खाली घालून विचार करत राहिली. आठव्या दिवशी तिनं मान वर केली. गवतात वाघ होता. ती ओरडली. सगळे पळाले, सगळे वाचले.

संध्याकाळी घरात बैठक बसली.

"तीन पिढ्या वाघ नव्हता," मामंजी म्हणाले. "सूनबाईंनी वर बघितलं आणि आला."

"मी हिला सांगत होतो," नवरा म्हणाला. त्यानं काहीच सांगितलं नव्हतं.

बैठकीनंतर केतकीनं हळूच विचारलं, "आई, तुम्हाला पटतं हे?"

"नवीन होते तेव्हा मीही बघायचे. मग सोडलं."

"भीती नाही वाटत?"

"मान खाली असली की दिसत नाही ना काही."

खरं सांगायचं, तर या रिवाजावर मनापासून श्रद्धा असलेला त्या जंगलात एकच प्राणी होता. तो गवतात राहायचा.

दुसऱ्या दिवसापासून केतकीनं मान वर करणं सोडलं. फक्त एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही मोठ्या. ती सावलीतली जागा तुम्ही घ्या. मी आपली पलीकडे उन्हात उभी राहते."

"वळण चांगलं आहे हो पोरीला," मामंजी म्हणाले.

सासूबाई सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. तिथून गवत चार पावलांवर होतं.

तात्पर्य: सासरी आल्यावर आपली मतं खुशाल सोडून द्यावीत. उभं राहण्याची जागा मात्र नीट बघून घ्यावी.