काचेमागची हाक

बालवर्गाच्या ताईंचा आवाज गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गेला, आणि तो शेवटी कशावर खर्च झाला हे ऐकलं तर कुणालाही वाईट वाटेल. तो एका आजींना फोनवर समजावण्यात गेला. आजींचं म्हणणं, नातू काल दुसऱ्याच कुणाचे तरी मोजे घालून घरी आला. ताईंचं म्हणणं, मुलं आपले आपण मोजे घालायला शिकताहेत. घातले हे महत्त्वाचं, कुणाचे घातले ते पुढच्या महिन्यात बघू. ताईंचा घसा तीन दिवस बसलेला होता. गरम पाणी पिऊन आणि मोजकं बोलून त्यांनी जेवढा आवाज राखला होता, तेवढा या मोज्यांनी खाल्ला.

आवाज राखला होता तो साहेबांसाठी. साहेब म्हणजे संस्थेचे निरीक्षक. ते अकराला येणार होते आणि एका चार वर्षांच्या मुलीने या शाळेत राहायचं की नाही, ते आज ठरवणार होते. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. सगळ्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायचा तिला नाद होता, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. मागच्या खेपेला साहेबांनी तिच्या पाठीमागे उभं राहून दोनदा हाक मारली, तीनदा टाळ्या वाजवल्या, आणि ती वळली नाही तेव्हा मोठा शोध लागल्यासारखं वहीत टिपून घेतलं.

"हाक मारली तर वळत नाही," ते ताईंना म्हणाले होते. "उद्या काही झालं, बाहेर पळा म्हणायची वेळ आली, तर? अशा मुलांची वेगळी शाळा आहे ना?"

वेगळी शाळा होती, बसने दीड तासावर. बटणमुळे बाकीची मुलंही किती शिकतात, यावर ताईंनी चार पानी अर्ज लिहिला होता. तो सगळा खरा होता. पण त्याहून खरं म्हणजे ताईंचा त्या मुलीवर जीव होता, आणि ती गेली तर आपल्याच्याने या खोलीत पुन्हा पाऊल टाकवणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

फोन आला तेव्हा वर्गात शांततेचा खेळ नुकताच सुरू झाला होता. हा खेळ असा. ताई फळ्यावर 'शांतता' अशी पाटी अडकवतात. मुलं चटईवर डोळे मिटून बसतात, बोटसुद्धा हलवत नाहीत. ताई शेजारच्या साहित्याच्या खोलीत जातात आणि दाराच्या फटीतून एकेकाचं नाव कुजबुजतात. ज्याचं नाव येईल त्याने पावलांचा आवाज न करता दाराशी जायचं. ज्याचा आवाज होईल त्याला सगळ्यांत शेवटी बोलावणार. आणि नाव येईपर्यंत, कितीही वेळ लागो, उठायचं नाही. एकटी बटण डोळे उघडे ठेवते. तिच्यासाठी दाराला खाली, मुलांच्या उंचीवर, एक वीतभर काच बसवून घेतली होती. ताई गुडघ्यांवर बसून काचेतून तिचं नाव नुसत्या ओठांनी म्हणत. या वर्गात सगळंच मुलांच्या उंचीचं होतं. फक्त त्या दाराची कडी तेवढी वर होती, कारण ती मोठ्यांसाठी होती.

फोन ताईंनी साहित्याच्या खोलीतूनच घेतला होता. तो ठेवून त्यांनी फटीला तोंड लावलं आणि पहिलं नाव घेतलं. नुसती हवा बाहेर आली. दुसरं घेतलं. पुन्हा हवा. त्या गरम पाण्याचा थर्मास घ्यायला आत वळल्या.

नेमक्या त्याच वेळी वर्गाच्या मावशींना फाटकाशी साहेबांची गाडी दिसली, अर्धा तास आधी. खेळ मोडू नये म्हणून मावशी चवड्यांवर वर्गातून निघाल्या. जाताना त्यांना साहित्याच्या खोलीचं किलकिलं दार दिसलं आणि आतला पुठ्ठ्यांचा, रंगांच्या डब्यांचा, तुटक्या खुर्च्यांचा पसारा आठवला. मघाशी वाजलेला फोन साहेबांचाच असणार आणि ताई त्यांना घ्यायला फाटकाशी गेल्या असणार, असं त्या धरून चालल्या. त्यांनी दार हळूच ओढलं आणि वरची कडी लावून टाकली. तेवढ्यात वीज गेली आणि पंखाही थांबला.

पायरीशी भेटलेल्या साहेबांना घेऊन मावशी आत आल्या, तेव्हा वर्गात बावीस मुलं होती आणि श्वासाचाही आवाज नव्हता.

"काय मुलांनो, कसे आहात?"

कुणी हललं नाही. अर्धवट उजेडात मुलं मांडी घालून रांगेने बसली होती, पाठी ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. एकाचं नाक वाहत वाहत ओठांपर्यंत आलं होतं, ते त्याने पुसलं नाही. एकीच्या गालावर माशी बसली, गालावरून नाकावर गेली, नाकावरून पापणीवर, आणि ती पापणी लवली नाही.

"झोपलीत का?" साहेबांनी विचारलं. आपण कुजबुजतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"नाही साहेब. खेळ चाललाय. तीनेक मिनिटांचा असतो," मावशी म्हणाल्या.

दोघं थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मावशींची नजर पुन्हा पुन्हा मधल्या रांगेतल्या एका मुलाकडे जात होती. त्याला सगळे वादळ म्हणत. मावशींनी दीड वर्षात त्याला कधी स्थिर पाहिलं नव्हतं, झोपेतसुद्धा नाही. आता तो बसला होता, आणि त्याच्या पायाचा अंगठासुद्धा हलत नव्हता. 

"ताई कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला घ्यायला फाटकाशी गेल्यात ना?"

"फाटकाशी कुणीच नव्हतं."

मावशींनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मावशींकडे. मग मावशींनी घसा साफ केला आणि गोड आवाजात म्हटलं, "चला बाळांनो, उठा. खाऊ खायचाय ना?"

मिटल्या डोळ्यांखाली एकवीस तोंडं एकाच वेळी हसली. उठलं मात्र कुणी नाही. कुणी फसवायला आलं तरी फसायचं नाही, असं ताईंनी मागच्याच आठवड्यात शिकवलं होतं, पण ते मावशींना कुठे माहीत. त्या मागे सरकल्या आणि भिंतीला टेकल्या.

साहेबांनी जोरात टाळी वाजवली. टाळीचा आवाज खोलीभर फिरला आणि विरून गेला. कुणी दचकलं नाही, कुणी वळलं नाही. मग साहेबांच्या लक्षात आलं की एक मुलगी सुरुवातीपासून डोळे उघडे ठेवून आपल्याकडे बघते आहे. ती बटण होती. तिची नजर त्यांच्यावरून हळूहळू सरकली आणि साहित्याच्या खोलीच्या दारावर जाऊन थांबली.

दाराच्या पलीकडून टकटक झाली. अगदी खालून, जमिनीलगत. तीनदा.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही, साहेब. मीच आत्ता कडी लावली."

"उंदीर असेल."

"उंदीर तीनदा वाजवून थांबत नाही, साहेब."

तुम्हा-आम्हाला आत कोण आहे ते माहीत आहे, तेव्हा हसायला आपलं काय जातं? कडी लागल्याचं ताईंनाही कळलं होतं. दार धडाधडा वाजवता आलं असतं, पण मग बावीस मुलांनी जीव लावून धरलेली शांतता आपणच मोडली असं झालं असतं. थर्मासातलं सगळं गरम पाणी पिऊन झालं तरी आवाज फिरकला नव्हता. म्हणून त्यांनी हळूच टकटक केली, आणि मग गुडघ्यांवर बसून काचेपाशी तोंड आणलं. घशाला ऊब म्हणून मावशींनीच सकाळी त्यांच्या गळ्याभोवती आणि डोक्यावरून पांढरं फडकं घट्ट बांधून दिलं होतं.

साहेबांना दिसलं ते एवढंच. अंधाऱ्या काचेत, माणसाचा चेहरा जिथे असू नये इतक्या खाली, एक चेहरा वर आला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि त्यातून कसलाही आवाज आला नाही.  साहेब होते तिथेच चटईवर बसले, वादळच्या शेजारी.

बटण मात्र हसली आणि उठून त्या काचेकडे निघाली.

"अगं ए, तिकडे जाऊ नकोस," साहेब ओरडले. निदान त्यांना ओरडायचं होतं. ती वळली नाही. या वेळी साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं नाही.

ती काचेसमोर उभी राहिली. चेहऱ्याचे ओठ हलले. तिने मान डोलावली, मागे आली, पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या खांद्याला बोट लावलं. मुलीने डोळे उघडले. बटणने स्वतःच्या केसांजवळ बोटाने दोन गोल गिरवले. कुरळ्या केसांच्या त्या मुलीचं हातांनी घ्यायचं नाव ते होतं. बटणसाठी म्हणून वर्गाने प्रत्येकाचं असं एक नाव ठरवलं होतं. मुलगी उठली आणि अलगद जाऊन दाराशी उभी राहिली. चेहरा पुन्हा काहीतरी बोलला. मग दुसरं मूल उठलं, मग तिसरं. एका मुलाच्या खुर्चीला चाकं होती. ती खुर्ची साहेबांच्या अंगावरूनच म्हणावी इतक्या जवळून गेली आणि कुरकुरलीसुद्धा नाही.

मावशी मनातल्या मनात मोजत होत्या. बटण धरून नऊ मुलं दाराशी गेली आणि चेहऱ्याला खोकला आला, तोही बिनआवाजाचा. काच धुकटली. धुकं पुसायला फडक्याचं एक टोक वर आलं, आणि त्या टोकाला मावशींनी स्वतः मारलेली गाठ होती.

"अगं बाई," मावशी पुटपुटल्या. "कडी मीच लावली."

त्यांनी धावत जाऊन कडीला हात घातला. तशी खालून काचेत ताईंची तर्जनी नकारार्थी हलली. अजून तेरा मुलं बाकी होती. मावशींनी हात खाली घेतला आणि बाजूला उभ्या राहिल्या, पदराने डोळे पुसत. भीती गेल्यावर त्यांना नेहमी रडू येई.

मावशींचा चेहरा बघून साहेबांनाही हळूहळू उमगलं. त्यांची भीती उतरली, तरी ते उठले नाहीत. उठता आलं असतं. पण शेजारच्या वादळने डोळे मिटलेले होते, त्याची छाती वरखाली होत होती, आणि खांद्यावर बोट पडलं तेव्हा त्याच्या तोंडावर जे उमटलं ते साहेबांनी अगदी जवळून पाहिलं. साहेबांना रोज पन्नास माणसं हाका मारत. पण बाकी सगळं थांबवून, फक्त आपल्यासाठी म्हणून असं हळू कुणी बोलावल्याला किती वर्षं झाली, ते त्यांना आठवेना. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

शेवटचं मूल उठलं. मावशींनी कडी काढली, ताई बाहेर आल्या आणि बावीस मुलं त्यांना चिकटली. तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर दारात आला.

"साहेब, पुढच्या शाळेची वेळ झाली."

साहेब हलले नाहीत.

"साहेब. अहो साहेब." ड्रायव्हरने दोनदा टाळी वाजवली आणि मग खाली वाकून मावशींना हळूच विचारलं, "साहेबांना ऐकू येत नाहीये का?"

"येतं की," मावशी म्हणाल्या. "त्यांचं नाव नाही आलं अजून."

ताई बटणकडे वळल्या आणि ओठांनी एक शब्द म्हणाल्या. बटणने चटईकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग जाऊन साहेबांच्या खांद्याला बोट लावलं. साहेबांनी डोळे उघडले. ते उठले, बूट काढून हातात घेतले आणि चवड्यांवर दारापर्यंत गेले. तिथे ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला ओठ नीट दिसावेत म्हणून एकेक शब्द सावकाश म्हणाले,

"मला सगळ्यांत शेवटी का?"

खरोखरच रुसल्यासारखा चेहरा होता त्यांचा. बटणने तळहात लाकडी जमिनीवर सपाट टेकवला, जरा थांबली आणि मग तोच हात उचलून त्यांच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. साहेबांनी खाली पाहिलं. तो पाय अजून थरथरत होता. मघापासून तो जमिनीवर आपटत होता आणि खोलीतल्या एकाही कानाला ते कळलं नव्हतं.

तिच्या हाताखाली पाय हळूहळू थांबला. साहेबांनी वही काढली, मांडीवर ठेवून त्यात लिहिलं आणि ती ताईंच्या हातात दिली. ताईंनी एकदा वाचलं, डोळे पुसले आणि पुन्हा वाचलं.

"मुलगी इथेच राहील. निरीक्षकांना अजून शांत बसता येत नाही. त्यांना दर गुरुवारी या वर्गात पाठवावे."