पाठमोरा पुरावा

रबरी शिक्के बनवणाऱ्या त्या दुकानात गप्पीदासाला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. वैमानिकाला भोवळ आली तेव्हा विमान आपणच खाली उतरवलं, ही त्याची थाप ऐकून मालक इतके हसले होते, की शाईचं पॅड त्यांच्याच पँटवर पालथं झालं. गप्पीदासाला नावाचं काही वाटत नसे. पण मालकांच्या मुलीच्या लग्नात कोणीतरी त्याच्या बायकोचं "या, या, गप्पीदासवहिनी" असं स्वागत केलं आणि ती न जेवता घरी आली. ते मात्र त्याला लागलं.

"ते काही नाही," तो म्हणाला. "आता अशी गोष्ट करतो, की सगळे तोंडात बोटं घालतील. आपण परदेशात जायचं."

"कशाच्या जिवावर?"

त्याने जाहिरातीचं कात्रण पुढे केलं. समुद्र, माड, डोंगराएवढी बुद्धमूर्ती, पाच दिवस, विमानभाड्यासकट. आकडा पाहून बायकोने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

"अहो, एवढ्यात तर आपला फ्रीज पण येणार नाही. थाप असेल ही."

"थापेतलं मला कळतं," गप्पीदास म्हणाला. "ही खरी आहे."

आणि ती खरीच निघाली. माणसं हळू बोलणारी, खोली लहान पण स्वच्छ, शहाळी स्वस्त. बसमध्ये पुढची जागा भिक्षूंसाठी राखून ठेवलेली. बायको हरखून गेली. गप्पीदासाचं लक्ष मात्र फोटोवर. पहिल्याच सकाळी तो मूर्तीसमोर छाती काढून उभा राहिला. बायकोने मोबाइल धरला, तेवढ्यात रखवालदार लगबगीने आला आणि त्याने अदबीने गप्पीदासाचे खांदे धरून त्याला उलटा फिरवला.

"मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही म्हणतायत," बायको म्हणाली.

"मग माझा चेहरा?"

"चेहरा तिकडे ठेवा. पाठ इकडे."

गप्पीदास हटला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं देऊळ गाठलं आणि तिरका उभा राहिला. तिथल्या रखवालदारीणबाईंनी त्याला सरळ केला. तिसऱ्या दिवशी पाय मूर्तीकडे ठेवून त्याने मान तेवढी मागे वळवली. ती तशीच अडकली आणि वैद्याने तेल चोळचोळून संध्याकाळी जागेवर आणली. समुद्रावरचे फोटो झकास आले, पण समुद्र काय, कुठलाही सारखाच. चौथ्या दिवशी गावाच्या नावाची पाटी असलेल्या बससमोर पोझ घेतली, तर बस निघून गेली. पाचव्या दिवशी पुन्हा मूर्तीसमोर पाठमोरा उभा असताना त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. फार बरं वाटलं त्याला. फोटो काढून झाला तरी तो तसाच उभा राहिला.

सोमवारी दुकानात मोबाइल हातोहाती फिरला.

"हा पाठमोरा कोण?" मालकांनी विचारलं.

"मी!"

"अरे, अशी पाठ तर माझ्या मेव्हण्याचीही आहे."

गप्पीदासाने पासपोर्ट काढला. कोरकाम करणाऱ्या मिस्त्रींनी त्यातल्या शिक्क्यावर भिंग धरलं.

"काम छान आहे. कड जरा जाड झालीय. मला सांगायचंस, बारीक करून दिली असती."

ते ऐकून मालकांचं हसू मावळलं. "सरकारी शिक्का केलास? माझ्या दुकानात? अरे, टाळं लागेल इथे! खोटा आहे म्हणून आत्ताच्या आत्ता कबूल कर, फाडून टाकू. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

एक थाप मारली की नोकरी वाचत होती. आणि थाप मारणं त्याला काही नवं नव्हतं.

"नाही येणार," गप्पीदास म्हणाला. "पण मी गेलो होतो. आम्ही दोघं गेलो होतो."

तेव्हा तयार शिक्क्यांचे ठसे तपासणाऱ्या बाई उठल्या. त्या कोणाच्या अध्यातमध्यात नसत, पण त्यांनी नापास केलेला ठसा मालकही पास करू शकत नसत. त्या फोटो घेऊन गप्पीदासाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"मान खाली घाला. हं. डावा कान उजव्यापेक्षा खाली. भोवऱ्याखाली वाकडी खोक. मानेवर दोन तीळ." त्यांनी मोबाइल परत दिला. "चौदा वर्षं मी यांच्या मागे बसतेय. हे डोकं यांचंच आहे."

मालकांनी पासपोर्ट दोन्ही हातांनी परत केला. "चुकलं माझं. वहिनींना नमस्कार सांग. खरंच गेला होतात की रे तुम्ही!"

गप्पीदासाने पासपोर्ट जपून खिशात ठेवला.

"खर्च किती आला रे?" मिस्त्रींनी हळूच विचारलं. "आमच्या हिच्याही फार दिवस मनात आहे."

गप्पीदासाने आकडा सांगितला.

मालकांचं पोट हलायला लागलं. मिस्त्रींनी भिंग बाजूला ठेवून डोळे पुसले. "दोघांचा? विमानासकट? झालं, याचं सुरू झालं!"

"अहो, देवाशपथ तेवढाच!"

बाईसुद्धा मान हलवत जागेवर जाऊन बसल्या. गप्पीदासाने पुन्हा सांगितलं, पावती आणतो म्हणाला. पावतीवर तर शिक्का असतो, असं म्हणून मालक आणखीच हसले. शेवटी त्याने एक लांब श्वास घेतला आणि आकडा तिप्पट करून सांगितला.

"हां," मिस्त्री म्हणाले, "आता कसं खरं बोललास!"