अलीकडचे, पलीकडचे आणि खैरनार

"या सर, पण पाय आपटू नका. घोडदळ पडतं."

खैरनार माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही सिडकोत राहायला आलो, तेव्हा नळ गळत होता म्हणून मी शेजारी पाना मागायला गेलो होतो. दार उघडलं ते बनियन आणि कंपनीची खाकी पँट घातलेल्या, भरघोस मिशांच्या एका गृहस्थांनी. मी शाळेत शिकवतो हे त्यांना कुठून कळलं होतं देव जाणे, पण 'सर' तेव्हापासून चिकटलं ते कायमचं.

मी चोरपावलांनी आत गेलो. पुढच्या खोलीत दोन स्टुलांवर एक भलीमोठी प्लायवूडची फळी ठेवलेली. तिच्यावर कागदाच्या लगद्याचे डोंगर, एक किल्ला, मधून ऑइलपेंटची निळी नदी, आणि नदीच्या दोन्ही काठांना पेरभर उंचीचे शेकडो पितळी सैनिक.

"मुलांसाठी केलंय का?" मी विचारलं.

"नाही. माझं आहे," खैरनार गंभीरपणे म्हणाले. "लढाई चालू शे."

खैरनार मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. एरवी आपल्यासारखंच मराठी बोलायचे, पण लढाईचा विषय निघाला की बागलाणातली अहिराणी डोकं वर काढायची. 'चालू शे' म्हणजे चालू आहे. पुढची बारा-तेरा वर्षं मी "काय खैरनार, कसं काय?" असं विचारलं, की तब्येतीबद्दल, पावसापाण्याबद्दल काही न बोलता ते एवढंच सांगायचे.

सगळे सैनिक त्यांनी स्वतः घडवलेले. भंगारात जाणारे पितळेचे तुकडे सुपरवायझरला विचारून आणायचे, त्यातून एकेक माणूस कोरायचा. निशाणं वहिनींच्या शिवणकामातल्या अस्तराच्या चिंध्यांची. दाराकडच्या फौजेचे फेटे पिवळे, ते 'अलीकडचे'. स्वयंपाकघराकडच्या फौजेचे फेटे निळे, ते 'पलीकडचे'. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे मला राहवलं नाही. एखादी खरी लढाई का नाही मांडत, असं मी विचारलं.

"खऱ्या लढाईचा निकाल आधीच लागलेला असतो सर. मग मी काय करू? टाळ्या वाजवू?"

अडचण एकच होती. लढायला समोर कोणी नव्हतं. कंपनीतल्या मित्रांना पत्त्यांपुढे काही सुचत नसे. मी एकदा बसून पाहिलं. दहा मिनिटांत माझे चाळीस घोडेस्वार चिखलात रुतले. खैरनार कोणाला दुखवणारे नव्हेत. ते म्हणाले, "सर, तुम्ही निरीक्षक व्हा." म्हणजे मी बाजूला बसून चहा प्यायचा.

तेव्हा दोन्ही बाजू तेच खेळायचे. आता माणूस स्वतःशीच लढला तर स्वतःचे डावपेच स्वतःला ठाऊक असणारच. यावर खैरनारांनी जो तोडगा काढला, तो शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसालाच सुचू शकतो. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते अलीकडचे. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात पलीकडचे. थर्ड शिफ्टला युद्धविराम, कारण तेव्हा सेनापती झोपेत असतो. "शिफ्ट बदलली की माणूस बदलतो सर," ते सांगत. "जेवणाची वेळ वेगळी, झोप वेगळी, डोकं वेगळं. मागच्या आठवड्यातल्या खैरनारच्या मनात काय होतं, ते मला काय माहीत?"

अंतरं मोजायला व्हर्नियर कॅलिपर. घोडदळाची चाल आठ सेंटिमीटर. अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर घोडा मागे. फाशाऐवजी सहा पैलूंचा एक मोठा नट, त्याच्या पैलूंवर पंच मारून आकडे कोरलेले. आणि सगळ्याचे नियम एका लांबलचक वहीत, कलमवार. एकदा पाहुणे आले म्हणून वहिनींनी घाईघाईने फळी दिवाणाखाली सरकवली, तर डोंगराचं शिखर अडकून मोडलं. खैरनारांनी शांतपणे वही काढली आणि नोंद केली, 'भूकंप. दोन्ही बाजूंचं नुकसान.'

मंगलवहिनी चांदवडच्या. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांचं शिलाई मशीन, आणि मशीनवर बसून त्यांचं युद्धावर भाष्य. "दोन्ही फौजा ह्यांच्याच. जिंकलं काय नि हरलं काय, चहा मलाच करायचा."

मला मात्र नवल वाटायचं ते खैरनारांच्या चिकाटीचं. कंपनीच्या बसमधून उतरायचं, आंघोळ, जेवण, बाजार, आणि यातून दिवसाकाठी उरायची ती वीसेक मिनिटं. त्या काळात मी बाहेरून एम. ए. करायचं ठरवलं होतं. पुस्तकं आणली, वेळापत्रक भिंतीला चिकटवलं आणि पाचव्या दिवशी त्यावर दूधवाल्याचा हिशोब लिहिला. वेळच मिळत नाही हो, अशी तक्रार मी त्यांच्याकडे केली.

"वेळ मिळतो सर. तुटक मिळतो," खैरनार म्हणाले. "तुटक वेळाला तुटक काम द्यायचं. मंगलचा कुकर लागला, की तीन शिट्ट्यांत माझा एक फेटा रंगवून होतो. वरणाला चार लागतात, त्या दिवशी मिशीसुद्धा होते."

"आणि कंटाळा आला तर?"

त्यांनी मला फळीजवळ नेलं. एक पिवळा घोडेस्वार नदीच्या बरोबर मध्यावर उभा होता. "काल याला इथे आणून सोडला. आज दिवसभर मी लेथवर आणि हा पाण्यात. मला करमेल का तिथे? बसमधून उतरल्यावर पाय आपोआप घराकडे पळतात. काम संपवून कधी उठायचं नाही सर. घोडा पाण्यात ठेवून उठायचं."

हा त्यांचा गुरुमंत्र. मी त्या दिवसापासून धडा अर्धा वाचून पुस्तक मिटायला लागलो. एम. ए. झालो, आणि त्याचे पेढे पहिल्यांदा त्या घोड्यापुढे ठेवले. खैरनारांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन हजार साल उलटलं आणि त्यांच्या कंपनीला टाळं लागलं. मला वाटलं, आता काय, खैरनारांना दिवसभर लढाईच लढाई. झालं उलटंच. तुटक वेळाशी त्यांची दोस्ती होती, अख्खा दिवस अंगावर आला तेव्हा काय करायचं ते त्यांना कळेना. फर्स्ट नाही, सेकंड नाही, म्हणजे अलीकडचे कधी व्हायचं आणि पलीकडचे कधी, तेही कळेना. सकाळी बसच्या वेळेला ते खिडकीत येऊन उभे राहायचे. बस येत नसे. तरी पाच मिनिटं उभे राहून मग आत जायचे. फौजांवर धूळ बसली. पिवळा घोडेस्वार पाण्यात तसाच.

"सर, तुम्ही तरी बोला ह्यांच्याशी," वहिनी एकदा कुंपणाशी येऊन म्हणाल्या. "लय गप झालेत. जेवत पण नाय नीट."

मी गेलो. इकडचं तिकडचं बोलून म्हटलं, "खैरनार, घोडा बरेच दिवस पाण्यात आहे."

"राहू द्या सर. आता पाण्यात काय नि काठावर काय."

या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला खरंच भीती वाटली.

त्यानंतर एका शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी घरी येताना खैरनारांच्या उघड्या दारातून सहज नजर गेली. खैरनार भाजी आणायला गेले होते. मंगलवहिनी फळीवर वाकल्या होत्या. हातात शिंप्याचा खडू तसाच, आणि एकेक निळा शिपाई चिमटीत धरून त्या झाडाखाली नेऊन बसवत होत्या. मला पाहून दचकल्या.

"ह्यांना बोलू नका हं सर. मला कुठं काय कळतं त्यातलं. पण किती दिवस उभी होती बिचारी उन्हात. जरा सावलीत बसवली."

मी शपथ घेतली.

संध्याकाळी भिंतीपलीकडून आरोळी आली, "अरे, हाई काय व्हयनं!" आणि मिनिटभरात खैरनार माझ्या दारात. हातात कॅलिपर.

"सर, पलीकडचे हलले."

"कोणी हलवले?" मी शक्य तितका साळसूद चेहरा केला.

"कोण हलवणार? फौज आहे ती. तोफा सोडून झाडाखाली पंगत धरलीय. काहीतरी डाव आहे." बोलता बोलता त्यांनी मिशीवरून हात फिरवला. कित्येक दिवसांत तो हात मिशीकडे गेला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी ब्रशने सगळ्या फौजांवरची धूळ झटकली, घोड्याला पाण्यातून काढलं आणि वहीत एक नवं कलम लिहिलं, 'झाडाखाली बसलेल्या फौजेवर हल्ला करता येत नाही.'

तिथून पुढे जी लढाई पेटली तिला तोड नाही. खैरनार बाहेर गेले की वहिनी चाल करायच्या. व्हर्नियर नाही, नट नाही, नियमांची वही तर त्यांनी उघडलीही नव्हती. त्यांनी जखमींना नदीवर पाणी प्यायला नेलं. दोन शिपाई सारख्या चेहऱ्याचे दिसले, ते भाऊ असणार म्हणून शेजारी शेजारी उभे केले. एकदा तर अख्खी पलीकडची फौज किल्ल्यात नेऊन पाठमोरी करून ठेवली, कारण त्या दिवशी आखाजी होती आणि सणाला माणसं घरी नकोत का? दर वेळी खैरनार डोक्याला हात लावायचे, 'शत्रूची हालचाल अनाकलनीय' अशी नोंद करायचे, आणि खाली नवं कलम जोडायचे. भावांना एकमेकांपासून तोडता येत नाही. पाणी पिणाऱ्यावर तोफ डागायची नाही. सणाच्या दिवशी वेढा उठवायचा.

त्याच सुमारास अंबडला ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये ते चार तास जायला लागले. दिवस पुन्हा तुटक झाला. बसमधून उतरल्यावर पाय पळायला लागले.

गुपित पोटात ठेवून मला मात्र अपचन झालं होतं. एक दिवस मी सुरुवात केलीच. "खैरनार, ते पलीकडचे जे हलतात ना..."

त्यांनी हात वर केला. मग एक निळा घोडा उचलून माझ्यापुढे धरला. त्याच्या मानेवर पांढरी पूड होती. "शिंप्याचा खडू. मला अर्धा मिलिमीटर दिसतो सर, हे दिसणार नाही का? पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलत का नाही?"

"कळलं तर लाजेल. सोडून देईल." ते स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणाले, "तुम्ही तिला सांगू नका."

मी दुसरी शपथ घेतली. आता नदीसारखा मी मधोमध, दोन्हीकडचं माहीत आणि तोंड बंद.

निरीक्षक म्हणून मला एवढं कळायला लागलं होतं, की किल्ला दोन चालींत पडू शकतो. पलीकडच्यांचा दरवाजा सताड उघडा होता. मी तसं म्हणालो.

"दिसतंय की. मग संपेल ना सर." आणि त्यांनी आपलं निवडक घोडदळ विरुद्ध दिशेला, डोंगरामागे चारा आहे का ते बघायला पाठवून दिलं.

असं अडीचेक वर्षं चाललं. मग चांदवडहून निरोप आला. वहिनींच्या आईचं मांडीचं हाड मोडलं होतं. करायला दुसरं कोणी नव्हतं. वहिनी सकाळच्या बसने गेल्या त्या दोन महिन्यांसाठी.

मला जुने दिवस आठवले. आठवड्याभराने मुद्दाम पोहे घेऊन गेलो. खैरनार घरी एकटेच, पण दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. फळी स्टुलांवर होती आणि एकही शिपाई हललेला नव्हता.

"खेळत नाही?" मी विचारलं. "इतकी वर्षं दोन्ही बाजू तुम्हीच खेळायचात की."

"नाही हो जमत आता. दोनदा बसून पाहिलं. एकट्याने खेळायची सवय मोडली." हे सांगताना ते चक्क हसत होते.

मग त्यांनी मला खांद्याला धरून फळीजवळ नेलं आणि बोटाने दाखवलं. नदीच्या बरोबर मध्यावर एक निळा घोडेस्वार उभा होता. ना या काठाला, ना त्या. मानेवर खडूची पूड.

"सकाळची बस होती. पिशव्या, डबा, औषधं, नुसती धावपळ. दार ओढून घेतल्यावर 'थांबा, कात्री राहिली' म्हणून परत आत गेली." खैरनारांनी वाकून घोड्यावरची धूळ फुंकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी पोह्यांवर लिंबू पिळायला लागलो.

"कात्री तिथेच आहे सर मशीनवर," ते म्हणाले. "घोडा पाण्यात ठेवून गेलीय."