एका कॉम्प्युटरची सुरक्षित साफसफाई

पहिलं एक सांगून टाकतो. कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतंय! क्लास न्हाय, डिप्लोमा न्हाय, सगळं व्हिडिओ बघून शिकलोय. गल्लीत कुणाचा कॉम्प्युटर अडला की पहिला फोन मला येतोय. दुसरा फोन दुकानाला जातोय, ती गोष्ट वेगळी.

तर माझा गेमिंगचा कॉम्प्युटर महिनाभर आजारी होता. सेकंदाला शंभर फ्रेम दाखवणारा गडी बारावर आलता! म्हणजे गेममध्ये शत्रू दारातनं आत यायचा आणि मला दिसस्तवर मला मारून, हात धुऊन, घरी गेलेला असायचा. आतला पंखा तर असा बोंबलायचा की शेजारची म्हातारी वर बघून म्हणायची, "आज इमान लई खालनं चाललंय."

आणि रविवारी चारला आमच्या टीमची मॅच! जिंकलो तर पुण्याला फायनल. आमचा कॅप्टन तौसीफ आठवडाभर झोपला नव्हता. त्यात पप्पांनी अट घातलेली.

"विशू, जिंकलास तर ते खोकं तुझं. हरलास तर कोडोलीला आत्तीकडं द्यायचं. प्रियदर्शनीला इंजिनिअरिंगच्या अभ्यासाला पायजे हाय. कुणाच्या तरी कामाला येऊ दे."

आत्ती म्हणजे पप्पांची थोरली बहीण, प्रियदर्शनी तिची पोरगी. पप्पा म्हणजे हंबीरराव, चटणीच्या डंकाचे मालक. आमच्या घराखालीच डंक हाय. लोखंडी मुसळं दिवसभर मिरच्या कुटत असत्यात. वरती बरोबर माझी खोली. आणि हा एप्रिल, म्हणजे वर्षाच्या चटणीचा सिझन! मिरच्यांचे डबे घेऊन बायकांची लाईन पार कोपऱ्यापर्यंत.

रविवारी दुपारी एकला डंकाचा पट्टा तुटला. पप्पांनी शटर अर्धं खाली ओढलं, "कुणी हलायचं न्हाय, पट्टा घेऊन आलोच!" म्हणाले आणि गाडीवरनं लक्ष्मीपुरीच्या बाजाराला गेले. बायका सावलीला बसल्या. आई आजऱ्याला माहेरी गेलती. घर शांत. म्हटलं, हीच वेळ! धूळ काढायची.

आता सुरक्षितपणा म्हणजे काय, ते माझ्याकडनं शिका. प्लग काढला. आत उरलेला करंट जावा म्हणून बटण दाबून धरलं. अंगातली स्टॅटिक जावी म्हणून खिडकीच्या गजाला हात लावला. व्हॅक्युम क्लीनर वापरायचा न्हाय, हे पाठ. आमच्याकडं तो न्हायच, पण असता तरी वापरला नसता. हवेच्या जोरानं पंखा गरगर फिरला तर बिघडतोय, म्हणून पंखा बोटानं धरायचा. आणि शेवटचा नियम, हे काम मोकळ्या हवेत करायचं.

मोकळी हवा म्हणजे आमची गॅलरी. खाली बायकांची लाईन.

झाकण उघडलं. आत तांबड्या धुळीचा इतका जाड थर होता की वाफा पाडून मेथी लावावी! तांबडी का, असा प्रश्न तुम्हाला पडंल. मला न्हाय पडला. आमच्या घरात कॅलेंडर तांबडं, गादी तांबडी, पांढरं मांजरसुद्धा तांबडं. मला वाटायचं धूळ तांबडीच असते.

डंकाची मोटर साफ करायचा पप्पांचा ब्लोअर आणला. पंखा बोटानं धरला. बटण दाबलं.

भस्सकन!

जोतिबाला चैत्रात गुलाल उधळत्यात तसा ढग उठला. वरनं तरंगत, वाऱ्यावर झुलत, गल्लीत उतरला. खालनं एकजण आनंदानं ओरडला, "कोण निवडून आलं रं?" आणि पुढच्या क्षणाला शिंकत शिंकत भिंतीला जाऊन चिकटला.

वर्षभराची संकेश्वरी, ब्याडगी आणि लवंगी मिरची होती ती! पंख्यानं गाळून अगदी बारीक केलेली. पप्पांच्या डंकाला तेवढी बारीक जमत न्हाय.

कॉम्प्युटरला काही झालं न्हाय. सगळे नियम कॉम्प्युटरसाठीच होते. माणसाबद्दल त्या व्हिडिओवाल्यानं एक शब्द काढला नव्हता! मी आंधळ्यासारखा जिन्यानं खाली आलो. खोकला असा की शब्द फुटंना. खाली पन्नास बायका डोळ्याला पदर लावून हमसून हमसून रडतायत.

तेवढ्यात समोरच्या सायकल दुकानाचे अमीनचाचा जेवून आले. पप्पांचे दोस्त. त्यांनी काय बघितलं? डंकाचं शटर खाली. दारात बायका रडतायत. पोरगा छाती धरून, नाक गाळत उभा.

"विशू! हंबीरराव...?"

मला खोकल्याची उबळ आली. मान तीनदा खालीवर झाली.

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली. "या अल्ला! काल तर माझ्याबरोबर चहा पिला की रं!" त्यांनी मला मिठी मारली. माझ्या शर्टावरची चटणी त्यांच्या डोळ्यात गेली, आणि तेही ढसाढसा रडायला लागले. तशातच त्यांनी फोन काढला आणि पहिला फोन लावला कोडोलीला.

वीस मिनिटांत गल्ली भरली. कुणी खुर्च्या मांडल्या. कुणी पंचगंगा घाटावर लाकडांसाठी फोन केला. ज्याला त्याला चटणी झोंबत होती, त्यामुळं एकही माणूस कोरड्या डोळ्यानं उभा नव्हता. माझ्या पप्पांवर लोकांचं एवढं प्रेम हाय, हे मला त्याच दिवशी कळलं!

लाईनीत पहिला नंबर असलेल्या बयाबाईंनी मला कुशीत घेतलं. "बाळा, रड. मोकळा हो."

मी कसाबसा बोललो, "मावशी, पप्पा पट्टा आणायला गेल्यात!"

"व्हय बाळा, व्हय," बयाबाई पाठीवरनं हात फिरवत म्हणाल्या, "पट्टाच आणायला गेल्यात. लई लांब गेल्यात."

"लक्ष्मीपुरीला!"

"लक्ष्मीच्या पायाशीच गेला गं माणूस!" मागनं दुसरी हुंदका देत म्हणाली.

खिशात फोन वाजला. तौसीफ.

"विशू, साडेतीन वाजल्यात! कुठं मेलायस?"

"मी न्हाय, पप्पा मेल्यात! म्हंजे न्हाय मेले! पण सगळे आल्यात!"

तो हळूच म्हणाला, "भावा, वाईट झालं. पण चारला येतोयस न्हवं?"

तेवढ्यात गर्दीच्या मागं पप्पांची गाडी थांबली. गळ्यात नवा पट्टा. त्यांनी पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. "काय ओ पावणं, कोण गेलं?"

त्यानं डोळे पुसत, वळून न बघता सांगितलं, "डंकवाले हंबीरराव."

"कवा?"

"दुपारी. माणूस देव होता. फक्त चटणीत मीठ लई टाकायचा."

"अरं मीठ टाकल्याबिगर चटणी टिकंल का वर्षभर!" पप्पा कडाडले.

सगळी गर्दी वळली. बयाबाई "आई गंऽऽ!" करून माझ्यावर कोसळल्या. अमीनचाचांनी पप्पांना नखशिखांत बघितलं आणि घाटावर परत फोन लावला, "लाकडं राहू द्या. माणूस चालत आलाय."

आणि मग कोडोलीची बोलेरो आली! आत्ती गाडीत बसल्यापासनं रडत होती. उतरली, भाऊ दिसला, रडणं थांबलं आणि पर्स फिरवून त्याच्या पाठीत घातली. "जिता हायस तर फोन का उचलत न्हाईस मुडद्या!"

ह्या गडबडीत मी वर पळालो. झाकण लावलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं. काय सांगू! पंख्याचा आवाज न्हाय, अडकणं न्हाय. कोपऱ्यात आकडा आला, एकशे वीस! म्हणजे मला तसा अंदाज आला. कारण डोळे वडापावएवढे सुजलेले, आणि आकड्याच्या जागी तांबडा गोळा दिसत होता.

मॅच सहा मिनिटं चालली. मी एकाला उडवला. तो तौसीफ होता.

पप्पा पाठीमागं हाताची घडी घालून उभे होते. स्वतःच्या मयताला हजर राहून आलेला माणूस तो! त्यांनी प्लग काढला. अगदी नियमानं, आधी कॉम्प्युटर बंद करून. बोलेरोच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून खोकं ठेवलं. आत्ती म्हणाली, "मोकळ्या हातानं जायची वेळ आली न्हाई, हे बरं झालं."

मंगळवारी प्रियदर्शनीचा मेसेज आला. तोपर्यंत मला वाचता येत होतं.

"दादा, काय पळतोय कॉम्प्युटर! तू साफ लई भारी केलायस! एक विचारायचं होतं. तौसीफदादा म्हणतोय, टीममध्ये एक जागा रिकामी झालीय. मी खेळू का? तुला राग न्हाय न्हवं येणार?"

मी अंगठा पाठवला.