तोतारामभाऊंच्या तोंडचं पाणी

ताट पुढे आलं, की तोतारामभाऊंचा डावा जबडा खालून टम्म फुगायचा. दोन घास खाऊन ते कळवळत उठायचे. तासाभरात सूज उतरायची, त्यामुळे सोनगीरहून धुळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दाखवायला काही उरायचंच नाही. एक दाढ त्यात उगीच गेली.

त्यांच्या बायकोला, कोकिळाबाईंना, वेगळीच शंका. "मना हातनी चव गई का? सरळ सांगा ना!"

"तसं नही व. गाल दुखस."

चव आणायची म्हणून त्यांनी आमटीत चिंच वाढवली, लोणचं काढलं. गाल आणखीच फुगला. मग त्या जेवायला वाढताना बोलेनाशाच झाल्या.

शेवटी डॉक्टर हेमांगींनी जिभेखाली बोट फिरवलं आणि लिंबाची फोड चोखायला दिली. त्यांच्यासमोरच जबडा फुगला.

"लाळेच्या नळीत मोठा खडा अडकलाय. तोंडाला पाणी सुटलं, की ते मागे तुंबतं. जेवण जितकं चवदार, तितकी सूज."

कोकिळाबाईंचा चेहरा उजळला. "ऐकं का?" त्यांनी नवऱ्याला कोपर मारलं.

"खडा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण जिभेची नस अगदी जवळ आहे. क्वचित जीभ बधिर राहते."

भाऊ बाजारात कांद्याचे लिलाव पुकारायचे. घर त्या जिभेवरच चालायचं.

शेंगदाण्याएवढा खडा निघाला. दुसऱ्या दिवशीही भाऊ बोलेनात; विचारलं की नुसते छताकडे बघत. डॉक्टर सांगून गेल्या, "लाळ वाहती राहू द्या. आवडीच्या खाण्याचं बोला त्यांच्याशी."

कोकिळाबाई उशाशी बसल्या. नुसत्या बोलण्यातच त्यांनी कपाशीच्या काड्या पेटवल्या, त्यावर वांगी भाजली, सोलली, ठेचली. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात घातली. तेलात शेंगदाणे तडतडवले.

शेजारच्या खाटेवरचे भाईदास उठून बसले. "वहिनी, मनी नुसती सलाईन चालू शे. जरा धीरे!"

"कोथिंबीर टाकी, आनी व्हयनं भरीत," कोकिळाबाईंनी संपवलं.

भाऊंचे ओठ हलले. "मी..."

"काय? काय म्हनतस?" त्या वाकल्या.

"मीठ," भाऊ जड जिभेनं, पण स्पष्ट म्हणाले. "मीठ राही गयं."

कोकिळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "टाकस ना, टाकस," म्हणत त्यांनी हवेतच चिमूट सोडली, आणि थोडं थांबून आणखी एक.